वरच्या शिवाराचे पाणी, खालच्या शिवाराचा हक्क



पाऊस ही अल्लाहची कृपा आहे, हे आपण सारेच मानतो. ही कृपा जमिनीवर उतरल्यानंतर तिचे आपण काय केले, याचा जाब मात्र आपल्याला द्यावयाचा आहे. पवित्र कुरआनमध्ये सूरह अल्-मुमिनूनच्या एकाच आयतीत (२३:१८) तीन गोष्टी आल्या आहेत. पाणी आकाशातून ठराविक प्रमाणात उतरविले जाते. ते जमिनीत साठविले जाते. आणि ज्याने ते दिले, तो ते परत नेण्यासही समर्थ आहे. हेच पाणी भूमीत शिरून झऱ्यांच्या रूपाने वाहते, याची आठवण सूरह अज्-जुमरमध्ये (३९:२१) करून दिली आहे.

आता आपल्या परिसराकडे पाहा. डोंगर एका गावाच्या हद्दीत असतो, ओढा दुसऱ्या गावातून वाहतो आणि मुरलेले पाणी तिसऱ्याच गावाच्या विहिरीत उतरते. शिवेचे दगड माणसांनी रोवले. उतार मात्र अल्लाहने घडविला. पाणी उतार ओळखते, शीव ओळखत नाही. म्हणूनच पाण्याचा विचार एकेका ग्रामपंचायतीपुरता केला, तर तो अपुरा राहतो आणि अनेकदा अन्यायाला कारण होतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिलेला जहाजाचा दृष्टांत तुम्ही ऐकला असेल. सहीह बुखारीत तो आला आहे. काही लोकांनी चिठ्ठ्या टाकून जहाजातील जागा वाटून घेतल्या. काहींच्या वाट्याला वरचा मजला आला, काहींच्या वाट्याला खालचा. खालच्यांना पाण्यासाठी वरच्यांकडून जावे लागे. त्यांच्या मनात आले की, आपल्या वाट्याच्या जागेत छिद्र पाडले तर वरच्यांना त्रास होणार नाही. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सगळेच बुडतील. हात धरून थांबविले तर सगळेच वाचतील.

हा दृष्टांत समाजातील वाईटाला आवर घालण्याविषयी आहे. तरीही त्याचा धागा पाण्याचाच आहे, हे विसरू नये. खालच्या लोकांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना तहान होती. त्यांची चूक एवढीच की, ‘आमचा वाटा’ हा इतरांपासून तोडता येतो, असे त्यांना वाटले. माझी जमीन, माझी विंधन विहीर, मी हवी तितकी खोल नेईन, असे म्हणणारा शेतकरी हेच छिद्र पाडत असतो. कारण खडकातील भेगांमधून येणारे पाणी शेजाऱ्याच्या विहिरीलाही जोडलेले असते. आणि हेही लक्षात घ्या की, केवळ हात धरून थांबविल्याने खालच्याची तहान भागत नाही. वरच्याने त्याला पाण्यापर्यंत वाटही दिली पाहिजे.

ही वाट कशी द्यावी, याचा निवाडाही आपल्याकडे आहे. मदीनेतील महजूर या ओहळाच्या पुराच्या पाण्याबाबत प्रेषित (स.) यांनी निर्णय दिला की, वरच्या शेतकऱ्याने घोट्यापर्यंत पाणी अडवावे आणि मग ते खालच्याकडे सोडावे. या निवाड्यातील समतोल पाहण्यासारखा आहे. वरच्याला पाणी अडविण्याचा हक्क आहे, पण त्या हक्काला मोजमाप आहे. खालच्याला वाट पाहावी लागेल, पण त्याचा वाटा बुडणार नाही. हा खालचा शेजारी कोणत्या धर्माचा आहे, यावर त्याचा हक्क अवलंबून नाही.

आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न रोजचा आहे. गोदावरी खोऱ्यात नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील वरची धरणे आणि पैठणचे जायकवाडी यांच्यातील वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने टंचाईच्या वर्षी खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व स्वीकारले आहे. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत जलव्यवस्थापन व पाणलोट विकास हा पंचायतींचा विषय म्हणून नोंदविला आहे. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात पाणलोट क्षेत्रनिहाय समित्यांची तरतूद आहे. कायद्याने दार उघडून ठेवले आहे. आत जाऊन एकत्र बसण्याचे काम गावांचे आहे.

एकत्र बसल्यावर काय करावे? पाणलोटाची कामे माथा ते पायथा या क्रमाने झाली पाहिजेत, हे जाणकार सांगतात. आधी माथ्यावर सलग समतल चर, मग उतारावर दगडी बांध, शेवटी ओढ्यावर नाला बांध. माथ्यावरची माती अडविली नाही, तर खालचा बंधारा दोन-चार पावसाळ्यांत गाळाने भरतो. परंतु येथेच न्यायाचा खरा प्रश्न उभा राहतो. चराई बंद करण्याचा आणि कुऱ्हाड थांबविण्याचा भार माथ्यावरच्या गावाने सोसायचा, आणि विहिरी भरायच्या पायथ्याच्या गावाच्या! तेव्हा पायथ्याच्या गावाने श्रमदानात, खर्चात आणि चाऱ्यात आपला वाटा उचलला पाहिजे. वरच्याने पाणी सोडावे आणि खालच्याने कष्ट वाटून घ्यावेत, तरच ही भागीदारी टिकेल.

हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्यानुसार पिके ठरविण्याची शिस्त लावली. हाच ताळेबंद एका ओढ्यावरच्या सर्व ग्रामपंचायतींनी मिळून मांडावा. असे एकत्र बसणे अशक्य नाही. स्पेनमधील वलेन्सिया शहरात निरनिराळ्या कालव्यांच्या शेतकऱ्यांनी निवडलेले आठ प्रतिनिधी आजही गुरुवारी दुपारी जमून पाण्याचे तंटे तोंडी ऐकतात आणि तेथेच निकाल देतात. या परंपरेचे मूळ मुस्लिम राजवटीतील सिंचनव्यवस्थेत मानले जाते. ईमानधारकांचे व्यवहार परस्पर सल्ल्याने चालतात, असे कुरआनने (४२:३८) त्यांचे लक्षण सांगितले आहे. पाण्याचा व्यवहार त्याला अपवाद कसा असेल?

वाचकहो, तुमच्यापैकी कोणी ग्रामपंचायतीचे सदस्य असतील, कोणी मस्जिदीचे विश्वस्त, तर कोणी केवळ मतदार. सदस्याने पुढच्या ग्रामसभेत शेजारच्या गावांना निमंत्रण देण्याचा ठराव मांडावा. विश्वस्ताने मस्जिदीच्या छपरावरचे पाणी जमिनीत मुरविण्याची सोय करावी आणि वुजूचा नळ बारीक ठेवण्याची आठवण नमाजींना द्यावी. मतदाराने, ‘आपल्या गावाला किती पाणी आणाल?’ या प्रश्नासोबत ‘खालच्या गावासाठी किती सोडाल?’ हेही विचारावे.

आपण अडविलेल्या प्रत्येक थेंबाचा हिशेब आहे आणि वाहू दिलेल्या प्रत्येक थेंबाचे पुण्य आहे. अल्लाह आपल्याला मोजून घेण्याची आणि मनापासून देण्याची सुबुद्धी देवो. आमीन.