लेकराच्या मनातला बाण



देव्हारे उठले, बावीस प्रतिज्ञा झाल्या. पण घरातली एखादी बाई आठ-आठ दिवस चुलीपुढे मुकी बसून राहिली, की शेजारीण म्हणते, "बाहेरचं आहे, भगताकडे न्या." आणि आपल्याही घरातून लिंबू उतरून टाकले जाते. खरे की नाही, तुम्हीच सांगा.

कारणावाचून काही घडत नाही, अशी तथागतांची शिकवण आहे. मग या उदासीचे कारण बाहेर का शोधता? पुष्कळदा ते तिच्या बालपणात असते.

१९०१ साली बालवयातले भीमराव घरातल्या इतर मुलांसह वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनावर जात कळताच गाडीवान तयार होईनात. दुप्पट भाड्यावर एकजण राजी झाला, पण आधी गाडी मुलांनाच हाकावी लागली. डब्यात अन्न होते, पाणी कुणी देईना. लेकरे उपाशी निजली. तीसहून अधिक वर्षांनी बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हे लिहिले. एवढ्या प्रज्ञावंताला ती रात्र विसरता आली नाही. मग ज्यांना लिहिताच येत नव्हते, त्या आपल्या वाडवडिलांचे दुःख कुठे गेले? काही दारूत गेले, काही लेकरांच्या पाठीवर उतरले.

१९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतील डॉ. फेलिट्टी व डॉ. अंडा यांनी नऊ हजारांहून अधिक प्रौढांना बालपण विचारले होते. मारहाण, आईला होणारा मार, घरातली दारू असे चार किंवा अधिक आघात ज्यांनी सोसले, त्यांच्यात उदासीनता, व्यसन व आत्महत्येचे प्रयत्न कित्येक पटींनी जास्त आढळले. त्या यादीत जातीचा अपमान नव्हता. तो आपण धरायचा. प्रत्येक पोळलेले मूल आजारी पडतेच असे मात्र नाही. मायेचे एक माणूस जवळ असले तरी पुष्कळ फरक पडतो.

तथागतांनी दोन बाणांचा दाखला दिला आहे. पहिला बाण लागतो तो लागतोच. त्यावर "वेडी आहे, नाटकं करते" म्हणून दुसरा बाण आपण मारतो. तो तरी आपल्या हातात आहे. मनाचा आजार औषधाने व बोलण्याने पुष्कळदा बरा होतो. १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही, विनामूल्य बोलता येते.

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर मुलांना पुढे बसवा, काय सलते ते विचारा. ती बोलत असताना कुणी दटावू नये.