आपली रीत आणि दारूचा पेला

मनुष्याचा पोशाख, बोलण्याची ढब, चालण्याची रीत हीं बाहेरचीं. व्यसन सोडण्याचा निश्चय हा अंतःकरणांतला. तर मग बाहेरच्या गोष्टीचा आंतल्या निश्चयास कांहीं आधार मिळतो काय? पुष्कळ सज्जन म्हणतील, मुळींच नाहीं. धोतर बदलल्यानें मन बदलत नाहीं. हें म्हणणें अर्धें खरें आहे. उरलेल्या अर्ध्याविषयीं येथें थोडें लिहावयाचें आहे.

वऱ्हाडांतील डेबूजी झिंगराजी जानोरकर, ज्यांस सर्व महाराष्ट्र गाडगेबाबा म्हणून ओळखतो, त्यांचें उदाहरण घेऊं. 1876 सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेणगांवीं परिटाच्या घरीं त्यांचा जन्म झाला. बाप दारूच्या पायीं मेला आणि आईनें पोरास घेऊन माहेर गांठलें. पुढें डेबूजीस मुलगी झाली, तेव्हां बारशाच्या पंगतीस रिवाजाप्रमाणें मटण व दारू हवी होती. त्यांनीं गोड जेवण वाढलें. रिवाज मोडणें म्हणजे भाऊबंदांचा रोष ओढवून घेणें, हें खेड्यांत राहणाऱ्या वाचकांस सांगावयास नको.

ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं त्या दिवशीं त्यांच्या अंगावर ठिगळें नव्हतीं. ते शेतांत राबणारे एक साधे गृहस्थ होते. निश्चय आधीं झाला, वेष मागून आला. 1905 सालीं घर सोडल्यावर ज्या घरीं दुसऱ्यांचीं वस्त्रें धुतलीं जात, त्या घरच्या ह्या मुलानें चिंध्यांचें वस्त्र पांघरलें, हातीं खराटा घेतला, आणि जेवावयास एक मातीचें गाडगें जवळ ठेविलें. गांवांत शिरतांच आधीं रस्ता झाडावा. रात्रीं कीर्तनांत आपल्या वऱ्हाडी बोलींत श्रोत्यांस प्रश्न विचारावे, आणि दारू, कर्ज, पशुबळी यांविषयींचें उत्तर त्यांच्याच तोंडून काढावें. 1956 सालीं देह ठेवीपर्यंत त्यांनीं ही रीत सोडली नाहीं.

गाडग्याहून खालचें भांडें तें कोणतें? जो आहे त्याहून मोठा दिसूं पाहत नाहीं, त्यास उघडें पडण्याचें भय नसतें. उलट उसना थाट करणाऱ्याची दशा पाहा. कर्ज काढून सूट शिवला, शहरी बोलण्याची नक्कल केली, आणि चार बड्या लोकांत जाऊन बसला. आतां प्रत्येक क्षणीं त्यास वाटतें कीं, आपलें बिंग फुटणार. हा धाक बोथट करावयास कोणी पेला पुढें केला, तर तो हात मागें घेईल काय? पुष्कळांची दारू तहानेनें सुरू होत नाहीं; ती संकोचानें सुरू होते. दावीदानें शौल राजाचें चिलखत अंगावर चढवून पाहिलें आणि उतरून ठेविलें, कारण त्याची त्यास संवय नव्हती. गोफण त्याच्या हातची होती.

आपल्या पंडिता रमाबाईंचें उदाहरण याहून आपल्यास जवळचें आहे. 1883 सालीं त्या इंग्लंडांत गेल्या आणि तेथेंच त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु लुगडें त्यांनीं टाकिलें नाहीं, शाकाहार सोडला नाहीं, आणि क्रूसावर लॅटिन अक्षरें कां, संस्कृत कां नकोत, असा वाद आपल्या गुरुभगिनींशीं घातला. हा हट्ट होता काय? कांहींसा असेलही. पण परक्या देशांत, परक्यांच्या आश्रयानें राहून, ज्या बाईस भोजनाच्या मेजावर "हें मी खात नाहीं" असें शांतपणें म्हणतां येतें, तिला पुढें मोठ्या ठिकाणींही नाहीं म्हणणें जड जात नाहीं.

येथें एक शंका निघते. चिंध्यांचाही अभिमान होऊं शकतो. महाराष्ट्र सरकारानें 2000-01 सालीं बाबांच्या नांवानें ग्रामस्वच्छतेचें अभियान सुरू केलें. त्यांत मनापासून झटणारीं गांवें निघालीं, आणि छायाचित्रापुरता झाडू धरणारे पुढारीही निघाले. झाडू तोच, हात निराळा. तेव्हां रीत आपली आहे कीं नाहीं याची कसोटी माझ्या मतें साधी आहे: कोणी पाहत नसतांना ती टिकते काय?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्याचें शरीर वर्षानुवर्षें दारूवर पोसलें आहे, त्यास धैर्य आणि स्वच्छ सदरा पुरत नाहींत. अशानें दारू एकाएकीं बंद केली, तर हातपाय कांपतात, भ्रम होतो, फेफरें येऊन प्राणावरही बेततें. त्यास प्रथम डॉक्टराकडे न्यावें. पुण्यास 1986 पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र याच कामीं आहे. त्यासारख्या ठिकाणीं पोंचविणें हा कमीपणा नव्हे.

खरी गरज लागते ती तो परत आल्यावर. गांव त्यास दारुड्या म्हणूनच ओळखतो, आणि तोही स्वतःस दुसऱ्या नांवानें ओळखत नाहीं. उपदेशक बंधु पुष्कळदां अशा वेळीं त्यास आपल्यासारखा पांढरा पोशाख व आपल्यासारखी भाषा देऊं पाहतात. हेतु चांगला, पण तें पुन्हा शौलाचेंच चिलखत होय. त्यापेक्षां त्यास विचारावें कीं, बाबा, दारूच्या आधीं तुला काय आवडत असे? कोणी मृदंग वाजवीत असेल, कोणी बैलांच्या झुली शिवीत असेल, कोणी फेटा असा बांधीत असेल कीं पंचक्रोशींतले नवरदेव त्याच्याकडे येत. येत्या लग्नसराईंत त्यास मांडवांत तेंच काम द्यावें; हात गुंतलेले असले म्हणजे पेला धरावयास मोकळे नसतात. फेट्याचा रंग मात्र त्याचा त्यास निवडूं द्यावा.