खोटी बेल

खोटी हाक मारणाऱ्याला किती वेळा 'ओ' द्यावी, हा प्रश्न आम्हाला बी.कॉम.ला नव्हता. असता तर मी तो ऑप्शनला टाकला असता. पण भर जुलैत, भंडारदऱ्याला, तो सक्तीचा होऊन पुढ्यात आला.

आम्ही उतरलो होतो तिथे खोलीतलं बटण दाबलं की खाली गड्याच्या खोलीत बेल वाजायची. पावसाची ओल शिरली की ती न दाबताच वाजे. म्हातारा गडी छत्री सावरत यायचा.

"बोलावलंत साहेब?"

"नाही बुवा."

चौथ्या खेपेला मी वीस वर्षांच्या बँकेच्या नोकरीत मुरलेला सल्ला दिला, "वायरच काढून टाका की!"

"अन् खरंच काही लागलं तर?" म्हातारा म्हणाला. पुढे बेलचा नाद सोडून तो तासातासाने आपणच डोकावू लागला.

बरोबर आलेला माझा भाचा खूष झाला. तो संगणकाचे ड्रायव्हर लिहितो. (ड्रायव्हर लिहितात हे कळायला मला दोन वर्षं लागली. माझ्या माहितीतले ड्रायव्हर एस.टी. चालवतात.) तो म्हणाला, "मामा, आमच्यातही हेच." कळ दाबली, डिस्कवरून माहिती आली, की तो भाग प्रोसेसरला हाक मारतो. तिला इंटरप्ट म्हणतात. हाकेची तारच बिघडली तर उपाय दोन. एक, कान बंद करणं. लिनक्स एक लाख हाका मोजतं. त्यांतल्या 99,900हून जास्त हाकांना कुणी धनी निघाला नाही, तर ती तार बंद करून नोंद ठेवतं : 'कुणीच पर्वा केली नाही.' दुसरा उपाय, ठराविक वेळाने आपणच जाऊन 'काही आहे का?' विचारणं. हे पोलिंग. "त्यात वेळ फार फुकट जातो," भाचा म्हणाला.

मी मात्र त्या 99,900वरच अडलो. घरी आईच्या उशाशी मीच बेल बसवली आहे. वाजली की मी धावायचो. "काय हवंय?" "काही नाही रे, सहज." असे पाच 'सहज' झाल्यावर मी म्हणालो, "आई, काम असेल तेव्हाच वाजव ना." यंत्राचा धीर लाखाचा, माझा पाचाचा! तेव्हापासून बेल वाजलेली नाही. मी समजत होतो, बिघाड दुरुस्त झाला.

"हाक हरवणं जास्त वाईट, मामा," भाचा सहज बोलून गेला. "खोटी हाक निदान ऐकू तरी येते."

दुसऱ्या दिवशी धरण पाहिलं. 1926 साली पुरं झालेलं. 1969 मध्ये त्याला तडे गेले, मोठी गळती लागली. कुणी ते मोडीत काढलं नाही. पाठीमागून काँक्रीटचे टेकू दिले, आणि ते उभं आहे. दोषाला वळसा घालायचाच, तर असा टेकू देऊन घालावा. वायर काढणं हाही वळसाच, पण त्यात सोय फक्त आपली. आणि धरणाला काही बेल नसते. त्याची गळती मोजायला कुणीतरी उठून जावंच लागतं.

घरी आल्यावर बॅग दारातच ठेवून मी आईच्या खोलीत गेलो.

"काय रे, काय हवंय?"

"काही नाही. सहज."

"मग बस की जरा," ती म्हणाली. काम असेल तेव्हाच ये, असं काही म्हणाली नाही.