निवांत पाणी आणि बुडालेली शिवारे

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरासंगम येथे प्रवरा गोदावरीला मिळते, आणि 1976 मध्ये पूर्ण झालेल्या पैठणच्या जायकवाडी धरणाचा फुगवटा, म्हणजे बांधामागे पात्रात वर चढत जाणारे पाणी, नेवासे व शेवगाव तालुक्यांच्या काठाला भिडते. या संथ पाण्याचे निसर्गचित्र काढणाऱ्याने त्याखाली गेलेल्या गावांचे काय करावे, हा पेच शास्त्रचर्चेच्या रीतीने मांडता येतो. त्या रीतीत आधी आक्षेप घेणारा पूर्वपक्ष बोलतो आणि मग त्याला उत्तर देणारा उत्तरपक्ष.

पूर्वपक्ष : ज्या पाण्याने लोकांची घरे आणि मळे घेतले, ते केवळ शांत दाखवणे म्हणजे धरणग्रस्तांची गावे रंगाखाली दुसऱ्यांदा बुडवणे होय.

उत्तरपक्ष : चित्र हे गावाचे दप्तर नव्हे, ते डोळ्यांपुढचा प्रकाश टिपते. दोबिन्यी या फ्रेंच चित्रकाराने 1857 मध्ये नावेचीच चित्रशाळा केली आणि वाझ नदी पाण्यावर बसून रंगवली. त्या काठांवरची शांतता त्याने पाहिलेली होती, म्हणून ती आजही पटते.

पूर्वपक्ष : पाहिलेली शांतताही निवडलेली असते. क्लोद मोने 1871 ते 1878 या काळात सेन नदीकाठी आर्जांतय येथे राहिला. तिथल्या कारखान्यांची धुराडी त्याच्या काही चित्रांत दिसतात, काहींत दिसत नाहीत. नदी तीच असताना जे वगळले गेले, त्याचा जाब चित्रकारालाच द्यावा लागेल.

उत्तरपक्ष : जाब रास्त आहे, पण त्याचे उत्तरही मोनेच्याच कामात सापडते. 1870 च्या युद्धात उद्ध्वस्त झालेल्या तिथल्या पुलाची दुरुस्ती चालू असताना, 1872 मध्ये, त्याने तो परांचीसह, म्हणजे बांधकामाच्या लाकडी आधारांसह, रंगवला आणि त्या लाकडांची प्रतिबिंबे निवांत पाण्यात उतरू दिली. तिथे शांततेने घाव झाकला नाही, तो आपल्यात सामावून घेतला.

या उत्तराने पूर्वपक्षाचा आक्षेप खोडला जात नाही, त्याला वाट मिळते. उन्हाळ्यात फुगवटा ओसरला की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर, म्हणजे ओल्या गाळातली पेरणी, होते. पाण्याखाली शिवार आहे याची ती दरवर्षीची साक्ष असते. म्हणून नदीची शांतता रंगवण्यात दोष नाही. दोष आहे तो ओसरलेल्या पाण्याची रेघ काठावर दिसत असताना ती पुसून टाकण्यात.