विचारलंच नाही म्हणे!

पेटी इथं ठेव, माझ्यासमोर. बाकीच्यांनी वह्या मिटायचं कारण नाही, बसा सगळे. आज यमन राहिला तरी चालेल.

भाता मार. हलका हात ठेव. मधल्या सप्तकातली पांढरी एक दाब आणि धरून ठेव. काय ऐकू येतंय? ‘थोडी लहर येते’ म्हणे. थोडी! एका पट्टीखाली दोन सूर आहेत. एक जागेवर आहे, दुसरा खाली घसरलाय, आणि दोघांचं भांडण खोलीभर ऐकू येतंय. आता शेजारची पांढरी दोन दाब. आहे लहर? नाही. काळी दोन? नाही. म्हणजे हा पेटीचा स्वभाव नव्हे, एका सुराचं दुखणं आहे. आणि ही पेटी विकताना त्या मुलीच्या वडिलांजवळ तू याला ‘जुन्या पेटीचा गोडवा’ म्हणालास. विशारदला बसतोयस ना यंदा? लहर आणि गोडवा यांतला फरक तुला कळत नसेल तर फॉर्म मागे घे. आणि कळत असेल तर मान वर करून माझ्याकडे बघ.

पेटी मी कारागिराकडून उघडून घेतली. सुराची पितळी पात मुळाशी चिरली आहे, केसभर. चीर गेली की पातेतला ताठपणा जातो आणि स्वर उतरायला लागतो. मग कानस घेऊन टोकाकडे खरवडायचं, की स्वर तात्पुरता वर येतो. टोकाला घासलं की चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, एवढं पेटीशी खेळलेल्या कुणालाही ठाऊक असतं. पण चिरलेली पात घासून किती दिवस जागेवर राहणार? चीर पुढे सरकते, स्वर पुन्हा खाली. या पातेचं टोक पार झिजवलंय, म्हणजे हा उद्योग एकदा नाही, वरचेवर झालाय. कारागीर तुला म्हणाला होता, ‘सूर बदलून घ्या, घासण्यात अर्थ नाही.’ चार-पाचशे रुपयांचं काम. तू काय म्हणालास? ‘आत्तापुरता लावून द्या, विकायचीच आहे.’ नाकारू नकोस. ज्याच्याकडे तू गेलास, त्याच्याकडेच मीही गेले होते.

आता तुझ्या त्या चार-पाचशे रुपयांचं पुढे काय झालं ते ऐक. तुझी पट्टी पांढरी एक. तार षड्ज म्हणून वर्षानुवर्षं तू जो सूर बडवलास, तोच हा. ती मुलगी गाते काळी चारमधून. काळी चारचा गंधार कुठे येतो? मोज बोटांवर. आला ना पांढरी एकवर? भूपाचा वादी गंधार, यमनाचा वादी गंधार. म्हणजे जो स्वर तिने सगळ्यांत जास्त वेळ धरून बसायचा, नेमका तोच तू तिला खोटा विकलास. ती पोर शाळेआधी उठून या पेटीशी गळा जुळवत बसते. पेटी उतरत गेली, तशी तीही उतरत गेली. वाकडी फूटपट्टी हातात देऊन सरळ रेघ मार म्हणायचं, असला हा प्रकार. आणि तिला ते कळणार कसं? तिची आत्ताशी प्रारंभिक झालीय, दोन सुरांतली लहर ऐकण्याइतका तिचा कान अजून तयार व्हायचाय. तो तयार करण्यासाठीच तर पेटी घेतली होती! परवा तिचे वडील मला विचारत होते, ‘बाई, हिला कानच नाही का? उगाच पैसे घालवतोय का आम्ही?’ ती दाराशी उभी राहून ऐकत होती.

पेटीच्या गंधारावरून या देशात मोठमोठी माणसं भांडली आहेत. पेटीचे स्वर समान अंतरावर कापलेले, त्यामुळे तिचा गंधार तंबोऱ्याच्या गंधाराहून जरा चढाच बोलतो. असल्याच कारणांवरून आकाशवाणीने 1940 पासून तीसेक वर्षं पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं. त्या भांडणात दोन्ही बाजूंना काही बोलण्यासारखं होतं. तुझ्याकडे काय आहे? पाचशे रुपये वाचवले, एवढंच.

काय पुटपुटलास? मोठ्याने बोल. ‘मी खोटं काही बोललो नाही, त्यांनी विचारलंच नाही.’ वा! आणि तुझे वकील मामा म्हणाले की बघून घेणं हे घेणाऱ्याचं काम. मामांना माझा नमस्कार सांग, आणि म्हणावं 1872चा करार कायदा काढा, कलम 17. नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे, असं त्यात आहे खरं. तेवढंच वाचून मामांनी पुस्तक मिटलेलं दिसतंय. खाली उदाहरणं दिली आहेत, एका घोड्याची. घोड्यात खोड आहे हे ठाऊक असून लिलावात एकाने तो गुपचूप दुसऱ्याला विकला. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. पण घेणारी त्याचीच मुलगी असेल, नुकती सज्ञान झालेली, तर? तर खोड सांगणं हे त्याचं कर्तव्य, कारण नातंच तसं आहे. पुढचं उदाहरण तर तुझ्यासाठीच लिहून ठेवल्यासारखं आहे. घेणारा म्हणतो, तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा चांगला आहे असं मी धरून चालेन. आणि विकणारा गप्प बसतो. तिथे गप्प बसणं म्हणजे बोलणंच.

तिचे वडील तुला म्हणाले होते, ‘सगळं ठीक आहे ना रे? काही असलं तर आत्ताच सांग बाबा, आम्हाला यातलं काही कळत नाही.’ तेव्हा तू काय करत होतास? पेटीच्या झाकणावरची धूळ पुसत होतास!

आणि म्हणे विचारलंच नाही.

तो माणूस एसटीत कंडक्टर आहे. 18,000 रुपये त्याने तुला रोख मोजून दिले. दुकानात गेला असता तर चार ठिकाणी भाव केला असता, कुणा जाणत्याला बरोबर नेलं असतं, निदान पावती तरी मागितली असती. तुझ्याकडे यातलं काही केलं नाही. का? तू बाईंकडे शिकतोस म्हणून. जुन्या वाद्याला छापील किंमत नसते, गॅरंटी नसते, बिघडलं तर परत घ्यायला दुकान नसतं. व्यवहार चालतो तो तोंडच्या शब्दावर, आणि तू शब्द वापरलास तो माझा. ‘बाईंनी पाहिलेली पेटी आहे,’ असं सांगितलंस म्हणे. पाहिली होतीच की! तू रोज इथेच वाजवायचास. पण तेव्हा सूर शाबूत होता. खरं वाक्य खोट्या कामाला कसं जुंपायचं, हे कोणत्या परीक्षेच्या अभ्यासक्रमात आहे, तेवढं मला एकदा दाखव.

‘जर्मन सूर’ हेही तिच्या वडिलांना सांगितलंस ना? पेटी उघडली, आतले सूर पालिताण्याचे. अरे, पालिताण्याच्या सुरांवर देशभरच्या पेट्या वाजतात, चांगले असतात, त्यात लाज कसली? तीन हजार रुपये जास्त मिळावेत म्हणून गुजरातचं गाव उचलून जर्मनीत नेऊन ठेवलंस.

कोपऱ्यात कोण हसतंय? तू हसू नकोस. तुझ्याकडेच येतेय मी.

याने निदान आपली पेटी विकली. तू काय केलंस? पलीकडच्या आळीतल्या आजींकडून तंबोरा आणलास, 2,500 रुपयांना. त्यांचे यजमान गायचे, ते गेल्यापासून तो गवसणीत पडून होता. भोपळ्याला तडा आहे, बरोबर? आजींच्या घरी बसून तू म्हणालास, ‘भोपळा गेलाय आजी, हा आता वाजायचा नाही, शोभेलाच ठेवायचा.’ त्या बिचाऱ्यांनी डोळे पुसून दिला. घरी आणून तू तड्यात भुसा आणि सरस भरलास, वरून रंग, वरून पॉलिश, आणि आता 45,000 सांगतोयस. गिऱ्हाईकाने भोपळ्यावर हात फिरवला तर म्हणतोस, ‘एकदम शाबूत!’ तडा तोच. घेताना वाद्याचा जीव घेणारा, विकताना नाहीसा झालेला. तड्यावरचं पॉलिश नखाने खरवडलं तर तुझा भुसा बोटाला लागतो. मला लागला.

घासाघीस करू नका असं मी म्हणत नाही. दुरुस्तीला पैसे घातले, ने-आण केली, तर नफाही घ्यावा, मला त्यात काही गैर वाटत नाही. पण आजींना भाव ठाऊक नव्हता आणि तुला ठाऊक होता, आणि ठाऊक असून तू त्यांना वाद्य मेलंय असं सांगितलंस. याला मी घासाघीस म्हणणार नाही.

वर मानांकनाची गोष्ट. ‘मिरजेचा, जीआय मानांकन असलेला तंबोरा’! मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं 2024 साली. हा तंबोरा आजींच्या सासऱ्यांच्या वेळचा. मानांकन मागे जाऊन जुन्या वाद्याला चिकटत नाही बाळ. मिरजेत शिकलगारांनी हत्यारांचं काम मागे पडल्यावर वाद्यं करायला घेतली, ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा निवडून आणायचा, वाळवायचा, दांडी जोडायची, जवारी काढताना घोडी पुन्हा पुन्हा घासून पुन्हा पुन्हा ऐकायची. इतक्या पिढ्यांनी असं बसून कमावलेलं नाव तू भुशावर लावलंस.

आणि ते हस्तिदंत! पट्ट्यांवरची पांढरी नक्षी दाखवून ‘अस्सल हस्तिदंत’ म्हणतोस ना सगळ्यांना? ती हाडाची आहे. पण समजा, तू म्हणतोस तसं खरंच हस्तिदंत आहे. मग 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते विकता येत नाही, गुन्हा होतो. आता तूच सांग तुला काय व्हायचंय, लबाड की गुन्हेगार. तिसरी सोय तू स्वतःच ठेवलेली नाहीस.

‘सगळेच करतात बाई.’ हे मात्र दोघांनी एका सुरात म्हटलंत, एरवी जमत नाही. करतात ना. माझ्या धंद्यातलेही करतात. विद्यार्थ्याला ठराविक दुकानात पाठवायचं आणि मागच्या दाराने कमिशन घ्यायचं, असे गुरू मला माहीत आहेत. त्यांचे शिष्य पुढे तुमच्यासारखे निघाले तर मला नवल वाटणार नाही. परदेशातही करतात. डिटमार माखोल्ड नावाचा व्हायोलिनचा बडा व्यापारी होता, वाड्यात राहायचा, बँका त्याच्या शब्दावर कर्जं द्यायच्या. साधी व्हायोलिनं स्ट्रॅडिव्हेरियस या जुन्या नामांकित कारागिराची म्हणून त्याने बँकेत तारण ठेवली. 2012 साली व्हिएन्नाच्या कोर्टाने त्याला सहा वर्षांची शिक्षा दिली. त्याचाही सगळा धंदा ‘हे म्हणतात म्हणजे असेलच’ यावर चालला होता.

आणि स्ट्रॅडिव्हेरियसचंच म्हणाल तर त्यातली गंमत ऐकून ठेवा, पुढेमागे कुणीतरी तुम्हालाही गळ घालेल. गोव्यात, मुंबईत एखाद्या जुन्या घरातून व्हायोलिन निघतं, आत स्ट्रॅडिव्हेरियसच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली असते, आणि घरच्यांना वाटतं आपण कोट्यधीश झालो. स्ट्रॅडिव्हेरियस वारला 1737 साली. त्यानंतर शे-दीडशे वर्षांनी जर्मनीत आणि बोहेमियात कारखान्यांतून व्हायोलिनं निघाली, त्यांत त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या हजारोंनी लावल्या गेल्या. कशासाठी? हे त्याच्या नमुन्यावर बेतलंय, एवढं सांगण्यासाठी. तेव्हाच्या घेणाऱ्यालाही ते ठाऊक असायचं, कारण किंमत त्याच बेताची होती. फसवणूक चिठ्ठी लावणाऱ्याची नव्हती. ज्याला चिठ्ठीचा अर्थ कळतो आणि तरी जो समोरच्या अजाण माणसाला नुसती ती दाखवून गप्प बसतो, फसवणूक त्याची. धूळ पुसत बसतो, असंही म्हणता येईल.

आता काय करायचं ते सांगते, मध्ये बोलायचं नाही.

तू ही पेटी उद्या कारागिराकडे न्यायचीस. सूर बदलायचा, जोडीचा सूरही त्याच्याशी मिळवून घ्यायचा, खर्च तुझा. भाता भरून, सगळे खटके बंद करून हवा कुठे फुसकते का तेही बघ. खालच्या घडीवर काळं कापड चिकटवलेलं मला दिसलंय, ते काय लपवतंय तेही बाहेर येऊ दे. मग पेटी घेऊन त्यांच्या घरी जायचं. फोन नाही, निरोप नाही, आईला पुढे करायचं नाही. वडिलांना जर्मन सुरांचे जादा घेतलेले तीन हजार परत द्यायचे आणि सांगायचं की पेटी नको असेल तर उरलेले पैसेही देतो, ठरवा तुम्ही. एका कागदावर लिहून द्यायचं: सूर कोणते, काय दुरुस्त केलं, कधी, कुणाकडून. खाली सही. आणि त्या मुलीला, तिच्या वडिलांना नव्हे, तिला समोर बसवून म्हणायचं, ‘तुझा काही दोष नव्हता, पेटी चुकत होती, आणि मला ते माहीत होतं.’ या तिन्ही गोष्टी. तिसरी गाळलीस तर मला कळेल, कारण पुढच्या वर्गात मी तिलाच विचारणार आहे.

हे होईपर्यंत तुझं शिकणं बंद. परीक्षेची तारीख जवळ आली आहे, हे मला ठाऊक आहे.

आणि तू, तंबोरेवाला, चप्पल शोधू नकोस. आजींच्या घरी मी येणार आहे तुझ्याबरोबर. 45,000 सांगितलेलं ते गिऱ्हाईक कोण आहे, त्याचा नंबर आधी या वहीत लिही.