रोग्याची संमती

असाध्य दुखणे जडलेल्या माणसास त्या दुखण्याचे नाव सांगू नये, ही आपल्याकडील जुनी रीत होय. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले-पाथर्डीकडचा एखादा वृद्ध शेतकरी यकृताचा कर्करोग घेऊन लोणीच्या किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात येतो, तेव्हा 'काविळीवर औषध चालू आहे' एवढेच त्याच्या कानी पडते. खरे काय ते मुलगा व डॉक्टर दाराबाहेर बोलून घेतात. या लपवालपवीत माया आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तोच रोगी नव्या औषधाच्या चाचणीस योग्य ठरला, म्हणजे या मायेपुढे मोठा पेच उभा राहतो.

कर्करोगाच्या पेशी शरीराच्या रक्षकशक्तीस जणू गुंगी आणतात. अटेझोलिझुमॅब ती गुंगी उतरविते, आणि बेव्हॅसिझुमॅब गाठीस रक्त पुरविणाऱ्या नव्या वाहिन्यांची वाढ रोखते. या जोडीच्या चाचणीचा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. तीत ५०१ रोगी होते. कोणास ही जोडी व कोणास सोराफेनिब हे जुने औषध मिळावे, हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरले. वर्षाअखेर जोडी घेणाऱ्यांत शेकडा सुमारे ६७, तर जुने औषध घेणाऱ्यांत सुमारे ५५ जिवंत होते. लाभ खरा, पण बेताचा. आणि तोही यकृत बरेचसे शाबूत असलेल्यांचा. पोटात पाणी झाल्यावर एस.टी.ने येणारा आमचा रोगी बहुधा त्यांत बसलाच नसता.

अशा चाचणीत रोगी केवळ उपचार घेत नाही. उरलेल्या दिवसांतील काही दिवस तो पुढच्या अनोळखी रोग्यांसाठी देतो. हे दान त्याच्या वतीने मुलाने कसे करावे? २०१९ च्या नियमांप्रमाणे निरक्षर रोग्यास सर्व समजावून देताना त्रयस्थ साक्षीदार हजर लागतो. पण रोगाचे नावच दडविले, तर त्या साक्षीदाराने साक्ष तरी कशाची द्यावी?

बुडत्याची संमती स्वतंत्र नसते, असा आक्षेप येईल. तो अगदीच पोकळ नाही. तथापि आशा बाळगणारा मनुष्य विचारास अपात्र ठरतो, हे आम्हांस मान्य नाही. ज्या वडिलांच्या अंगठ्यावाचून त्यांच्या नावची गुंठाभर जमीन विकता येत नाही, त्यांच्या देहाविषयी मात्र त्यांस विचारू नये, हा कोठला न्याय?

डॉक्टरांनी खाटेपाशी बसून साध्या मराठीत सांगावे : हा कर्करोग आहे, कोणते औषध वाट्यास येईल ते आमच्या हाती नाही, चाचणी केव्हाही सोडता येईल, आणि सोडली तरी उपचार थांबणार नाहीत. मुलाने त्या वेळी दाराबाहेर नव्हे, वडिलांच्या उशाशी असावे.