एकटीचा धर्म

24 फेब्रुवारी 1883. श्रीरामपूर, बंगाल. तिथल्या कॉलेजच्या सभागृहात सतरा वर्षांची आनंदीबाई जोशी इंग्रजीत बोलायला उभी राहिली. डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला कशाला? एकटीच का? समुद्र ओलांडला म्हणून परतल्यावर वाळीत टाकलं तर? लोक कुजबुजत विचारत होते ते प्रश्न तिनेच एकेक करून मांडले आणि त्यांची उत्तरं दिली. नवरा सोबत येऊ शकत नव्हता, कारण घर त्याच्या पगारावर चालत होतं. राहिला वाळीत टाकण्याचा धाक. तिला तो वाटत नव्हता. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परतेन, असं तिने ठणकावलं.

सभेतला खरा प्रश्न हाच होता. धर्म कुठे राहतो? समुद्राच्या अलीकडे, जातभाईंच्या नजरेत, की माणसाच्या स्वतःच्या वागण्यात?

आनंदीबाईंनी उत्तर जगून दाखवलं. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघालेल्या बोटीवर ओळखीच्या बायका होत्या, घरचं कुणीही नव्हतं. फिलाडेल्फियात शिकताना कडाक्याच्या थंडीतही त्यांनी साडी सोडली नाही. ताटात काय वाढून घ्यायचं, हे सांगायला तिथे ना सासू होती ना भटजी. तरीही त्या शाकाहारीच राहिल्या. कुणाची पाळत नसताना पाळलेलं व्रतच खरं, असं माझं ठाम मत आहे.

मार्च 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय त्यांनी निवडला होता: आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र.